मागच्या पायरीवरचे हसू

मित्रांनो, मी एक जुनी रुग्णवाहिका आहे. बोलताना तुम्ही मला अँब्युलन्स म्हणता. रुग्णालयाच्या मागच्या अंगणात, धुलाईघराजवळच्या भिंतीला टेकून मी उभी असते. माझ्या चाकांतली हवा केव्हाच गेली. छतावरचा दिवा काढून नव्या गाडीला लावला. धुलाईघरातल्या बायका माझ्या आरशांवर ओली फडकी वाळत घालतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. नुसते उभे राहण्यापेक्षा फडकी वाळवलेली बरी.

कारखान्यात माझा जन्म झाला तेव्हा माझ्या शेजारच्या गाड्यांना पिवळा रंग लागत होता. त्या शाळेच्या बस होणार होत्या. मला त्यांचा फार हेवा वाटला. आपल्यातही मुले बसतील, खिडकीतून हात बाहेर काढतील, गुरुजींची नक्कल करतील, असे मी मनात धरून बसले होते. पण मला पांढरा रंग लागला. आत बाकांच्या जागी चाकांची खाट आली, ऑक्सिजनचे सिलिंडर आले, औषधांची कपाटे आली. छतावर दिवा आणि भोंगा बसला. भोंगा पहिल्यांदा वाजवून पाहिला तेव्हा मीच दचकले.

रुग्णालयात मला ज्यांच्या ताब्यात दिले, ते ड्रायव्हर ठेंगणे आणि गोल पोटाचे होते. डोक्यावर केस नावाला, मिशी मात्र भरगच्च. त्यांनी माझ्याभोवती एक चक्कर मारली, बॉनेटवर थाप मारली आणि म्हणाले, "हे बघ, आपल्याला आता एकमेकांना सांभाळून घ्यायचंय. मी बोलतो जास्त. तू आवाज कमी कर."

खड्डा आला की ते मला म्हणत, "हळू गं, हळू." त्यामुळे सगळे त्यांना हळूकाका म्हणू लागले. रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर आणि त्याचे नाव हळूकाका, एवढ्यावरच निम्मे रुग्णालय हसत असे. खरे तर ते हळू चालवत नसत. माझ्यात झोपलेल्या माणसाला धक्का बसू नये, एवढीच त्यांची काळजी असे.

मित्रांनो, शाळेच्या बसमध्ये काय काय चालते ते तुम्हाला ठाऊक आहे. माझ्यात काय चालत असे, ते मी सगळे सांगणार नाही. माझ्यात माणसे कण्हत, त्यांचे नातेवाईक देवाला हाका मारत, आणि कधी कधी सगळे एकदम गप्प होत. ती शांतता मला सर्वांत जड वाटे.

काही वर्षांनी एक नवी सिस्टर आली. नुकतीच शिकून आलेली, ताठ मानेची मुलगी. तिच्या पहिल्याच फेरीत बांधकामावरून पडलेला एक गवंडी होता. तिने जे करायचे ते सगळे नीट केले. तरी तो वाचला नाही. त्याला आत नेल्यावर ती माझी फरशी धुवायला आली आणि बादली तिच्या हातातून निसटली. काकांनी काही न बोलता बादली उचलली, फरशी धुतली, तिच्या हातांवर पाणी घातले. मग माझ्या मागच्या दाराच्या पायरीवर, तिच्यापासून हातभर अंतर ठेवून बसले.

"माझ्या पहिल्या दिवशी मी चक्कर येऊन पडलो होतो," ते म्हणाले. "पेशंटचा नुसता पाय मुरगळला होता. तो बिचारा उठला, मला खाटेवर घातलं आणि लंगडत लंगडत आत घेऊन गेला. डॉक्टरांनी मला तपासायला घेतलं आणि त्याला म्हणाले, नातेवाइकांनी बाहेर थांबा."

सिस्टर त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिला हसू फुटले. हसता हसता ती रडू लागली. काका समोर वाळत घातलेल्या चादरींकडे बघत चहा पीत राहिले. थोड्या वेळाने तिने तोंड पुसले आणि म्हणाली, "काका, पुढचा कॉल आला की हाक मारा."

त्या दिवसापासून ती पायरी त्या दोघांची झाली. रुग्ण आत असताना काका कधी चकार शब्द बोलत नसत. रुग्णाला पोहोचवून झाले, फरशी धुतली, हात धुतले, की मगच त्यांच्या गोष्टींची गाडी सुरू होई. त्यांच्या बहुतेक गोष्टी त्यांच्या मेहुण्याच्या असत. हा मेहुणा स्वतःला फार हुशार समजे.

"मेहुण्यानं गजराचं घड्याळ घेतलं," काका सांगत. "पण गजरानं त्याची झोपमोड व्हायला लागली. म्हणून घड्याळ शेजाऱ्यांकडे ठेवलं. आता गजर त्यांच्याकडे वाजतो, ते तणतणत येतात आणि याला उठवतात. म्हणतो कसा, बघा दाजी, चावी द्यायचं कामसुद्धा गेलं."

धुलाईघराची खिडकी उघडे. "अहो काका, जरा मोठ्यानं. आम्हाला अर्धंच ऐकू आलं." मग गोष्ट पुन्हा पहिल्यापासून होई आणि दुसऱ्या वेळी मेहुणा आणखी हुशार होई. असा मेहुणा खरेच होता की नाही, मला माहीत नाही. सिस्टरने कधी विचारले नाही आणि काकांनी कधी सांगितले नाही.

या हसण्याने काय होत असे, ते मी जवळून पाहिले आहे. हसल्यावर सिस्टरचे आवळलेले खांदे खाली येत. पुढच्या फेरीत तिला रुग्णाची शीर पहिल्या प्रयत्नात सापडे. घाबरलेल्या माणसाशी ती शांतपणे बोले. काकांचे हातही स्टिअरिंगवर सैल असत. लोक म्हणत, या गाडीत बसले की जिवाला बरे वाटते. त्या वर्षांत माझे खूप कौतुक झाले. एका बाळाचा जन्म माझ्यात झाला, तेव्हा त्याच्या आजोबांनी माझ्या बॉनेटला हार घातला. काका त्यांना म्हणाले, "आजोबा, हिला हार आणि मला काय? आलो तर मीच घेऊन ना?" आजोबांनी तो हार काढून काकांना घातला.

मग तो दिवस आला.

एका आजींना दम लागला होता. घरी त्या एकट्याच होत्या. मुलगा कामावर होता. शेजारच्या बाईंनी आम्हाला बोलावले आणि त्याच आजींबरोबर बसल्या. आजींना खाटेवर घेताना त्यांनी हट्टाने चपला बरोबर घ्यायला लावल्या. "परत येताना लागतील ना गं," त्या म्हणाल्या. सिस्टरने चपला बाकाखाली ठेवल्या. वाटभर आजींनी तिचे बोट धरून ठेवले होते. काकांनी मला इतक्या अलगद आणि इतक्या वेगाने कधी नेले नव्हते. पण रुग्णालयाच्या फाटकातून वळताना आजींच्या हातातून ते बोट सुटले. आत डॉक्टरांनी खूप प्रयत्न केले. उपयोग झाला नाही.

सिस्टर अंगणात परत आली. तिने फरशी धुतली. हात धुतले आणि पुन्हा धुतले, पुन्हा धुतले. काकांनी नळ बंद केला आणि तिला पायरीवर बसवले. ती आपल्या बोटाकडे बघत होती.

"मेहुण्यानं पोहायला शिकायचं मनावर घेतलंय," काका हळूच म्हणाले. "त्यासाठी पुस्तक आणलंय. पलंगावर पालथा पडून, समोर पुस्तक ठेवून हातपाय मारतो. काल तिसऱ्या धड्याला पलंगावरून खाली पडला. कपाळाला हे एवढं टेंगूळ. त्याची बायको धावत आली तर म्हणतो, पडलो ते सोड, बुडालो तर नाही ना?"

सिस्टर हसली. माझे दार धरून, अंग हलेपर्यंत हसली. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होते. ते पाणी कशाचे होते, हे मला आजही सांगता येणार नाही. काकाही हसू लागले.

तेवढ्यात आजींचा मुलगा समोर येऊन उभा राहिला.

तो कामावरून थेट आला होता. आईची भेट झाली नव्हती. आत शेजारच्या बाईंनी त्याला सांगितले होते की चपला गाडीतच राहिल्या आहेत. त्या न्यायला तो आला होता.

"माझी आई गेली आत्ता," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "आणि तुम्ही हसताय."

काका उठले, बाकाखालच्या चपला काढल्या, आपल्या रुमालाने पुसल्या आणि दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरल्या. त्याने त्या घेतल्या, छातीशी धरल्या आणि तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी त्याने रुग्णालयाच्या मोठ्या साहेबांकडे जाऊन तक्रार केली. साहेबांच्या खोलीची खिडकी अंगणातच उघडते, त्यामुळे मला सगळे ऐकू आले. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी काकांना आणि सिस्टरला बोलावले आणि घडले ते विचारले.

काका म्हणाले, "साहेब, त्यांचं काही चुकलं नाही. आमचंही काही चुकलं नाही. आता काय करायचं ते तुम्हीच ठरवा."

साहेबांनी सोपा मार्ग निवडला. अंगणातल्या भिंतीवर पाटी लागली. 'कामाच्या वेळेत या आवारात हसणे-खिदळणे सक्त मना आहे.' धुलाईघराची खिडकीही त्यांनी बंद करायला लावली.

पाटीला काका घाबरले नसते. असल्या पाट्यांवर त्यांनी महिनाभर मेहुण्याच्या गोष्टी सांगितल्या असत्या. पण त्याआधी एक गोष्ट घडली. एका रुग्णाला घरी सोडून आम्ही परतत होतो. सिस्टर बरोबर नव्हती. काकांनी मला एका गल्लीत वळवले आणि आजींच्या घरासमोर थांबवले. त्यांनी दार वाजवले. मुलानेच उघडले.

"माफी मागायला आलोय," काका म्हणाले.

मुलाने त्यांना आत बोलावले नाही, पण दारही लावले नाही. तो म्हणाला, "मला एकच सांगा. तुम्ही कशाला हसत होता?"

मित्रांनो, काकांना शब्दांची कधीच वाण पडली नव्हती. पण त्या उंबऱ्यासमोर उभे राहून पलंगावरून पडलेल्या मेहुण्याची गोष्ट कशी सांगणार? त्यांच्या मिशा हलल्या.

"काही नाही," ते म्हणाले. "फालतूच होतं."

"फालतू," मुलगा म्हणाला. त्याने मान हलवली आणि दार सावकाश लावून घेतले.

काका माझ्यात येऊन बसले. किल्ली हातात घेऊन कितीतरी वेळ नुसते बसले. त्या दिवसानंतर त्यांनी एकही गोष्ट सांगितली नाही.

आमच्या फेऱ्या चालूच राहिल्या. माणसे आणली, पोहोचवली, फरशी धुतली. मग काका पुढे जाऊन बसत आणि सिस्टर मागे पायरीवर एकटी बसे. तिच्या हातातला चहा तसाच गार होई. तिचे खांदे दिवसेंदिवस वर चढत गेले. शीर शोधताना तिला दोन-तीनदा सुई टोचावी लागे. एकदा विव्हळणाऱ्या रुग्णावर ती खेकसली आणि मग स्वतःच दचकून गप्प झाली. धुलाईघरातही बोलणे कमी झाले. आज हिची पाठ दुखे, उद्या तिचे डोके. कोणी ना कोणी रजेवर असे.

एका दुपारी तिने पुढे येऊन काचेवर टकटक केले.

"काका, मेहुण्याचं काय झालं हो?"

"गेला गावाला," काका म्हणाले.

"कधी येणार?"

"सांगून नाही गेला."

तिला आणखी काही विचारायचे होते, असे मला वाटले. पण भोंगा वाजवायची वेळ आली.

पुढच्या पावसाळ्याआधी सिस्टरने नोकरी सोडली. औषधांच्या एका दुकानात तिला काम मिळाले. जाण्याच्या दिवशी तिने माझ्यातली कपाटे नीट लावली, खाटेची चादर बदलली आणि काकांजवळ आली.

"येते, काका."

"सांभाळून राहा," काका म्हणाले.

एवढेच. ज्या माणसाने तिला हजार वेळा हसवले, त्याला निरोपाला एक विनोद सुचला नाही. ती फाटकाबाहेर जाईपर्यंत काका माझी काच पुसत होते. काच स्वच्छ होती.

रुग्णालयातली माणसे अशी आजारी पडू लागली, सोडून जाऊ लागली, तेव्हा साहेबांनाही काळजी वाटली. कोणीतरी त्यांना सांगितले की हसण्याने कामाचा ताण हलका होतो. साहेबांना ते पटले. त्यांनी दर आठवड्याला अंगणात हास्यवर्ग सुरू केला. शिकवायला एक बाई येत. मनाने चांगल्या होत्या. सगळे माझ्यासमोर रांगेत उभे राहत. पाटी त्यांच्या पाठीमागेच होती. ती काढायचे कोणाच्या लक्षात आले नाही.

"हात वर, श्वास आत, आणि आता मोकळं हसा," बाई म्हणत. मग सगळे "हा हा हा" म्हणत. धुलाईघरातल्या बायका एकमेकींकडे बघायचे टाळत. काका शेवटच्या रांगेत असत. त्यांचे तोंड उघडे, पण आवाज येत नसे.

एकदा वर्ग संपल्यावर बाई त्यांच्याजवळ आल्या. "काका, तुम्हाला हसायला येत नाही का?"

"यायचं, बाई," काका म्हणाले. "पण त्याला दोघं लागतात."

पिशवी खांद्याला लावून बाई त्यांच्याजवळ थोडा वेळ उभ्या राहिल्या.

त्यानंतर फार दिवस गेले नाहीत. एका दुपारी आम्ही रिकामे परतत होतो. मागे एक तात्पुरता मदतनीस बसला होता. वाटेत काकांनी मला रस्त्याच्या कडेला घेतले. हळू घेतले. मागच्या गाड्यांना इशारा दिला, हातब्रेक ओढला, इंजिन बंद केले आणि मग स्टिअरिंगवर डोके टेकले. मदतनिसाने त्यांना कसेबसे खाटेवर आणले. माणसाला वाचवायचे सगळे सामान माझ्यात होते. त्याने ते सगळे वापरले. दुसरी गाडी येईपर्यंत काका गेले होते.

मित्रांनो, मी कितीतरी माणसे वाहिली. त्या दिवशी मात्र मला कळले की आपले माणूस वाहताना गाडीसुद्धा जड होते. काका माझ्यातच होते; दुसऱ्या गाडीने मला ओढून अंगणात आणले आणि त्यानंतर मी पुन्हा रस्त्यावर गेले नाही.

दुसऱ्या दिवशी सिस्टर आली. काकांच्या बायकोला भेटून थेट इकडे आली होती. ती माझ्यात पुढे, काकांच्या शेजारच्या जागेवर बसली. ती आल्याचे कळताच साहेब खाली आले आणि दाराशी उभे राहिले.

"तू परत ये," ते म्हणाले. "तुझी जागा अजून भरलेली नाही."

"नाही, साहेब," ती म्हणाली. "आता मला रात्री झोप लागते."

साहेबांनी भिंतीवरच्या पाटीकडे पाहिले. "त्या मुलाचा चेहरा मी पाहिला होता गं. मी दुसरं काय करणार होतो?"

सिस्टर रागावली नाही. ती म्हणाली, "आम्हीही पाहिला होता. त्याला आमचं हसणं ऐकू यायला नको होतं, हे खरंच आहे. पण साहेब, आम्हाला बंदी नको होती. दार हवं होतं. आत जाऊन लावून घेता येईल असं एक दार."

सिस्टर उतरली, माझ्या बॉनेटवर हात ठेवला आणि गेली. ती पुन्हा कधी आली नाही. तिला मी दोष देत नाही.

काही महिन्यांनी धुलाईघराशेजारची अडगळीची खोली रिकामी झाली. तिला रंग लागला, आत दोन बाकडी आली, चहाची किटली आली. आणि सगळ्यात शेवटी सुताराने जाड लाकडाचे, नीट बसणारे दार बसवले. साहेब स्वतः उभे राहून ते उघडून-मिटून बघत होते. पाटी त्यांनी आपल्या हाताने काढली. आता नव्या गाडीवरची माणसे काम उरकून त्या खोलीत जातात आणि दार लावून घेतात. सुरुवातीला ती नुसतीच बसत. मग बोलू लागली.

मित्रांनो, तुमच्या घरी, तुमच्या आजूबाजूला अशी माणसे असतील, जी दिवसभर दुसऱ्यांचे दुःख उचलतात. कोणी रुग्णांचे, कोणी मृतांचे, कोणी हरवलेल्यांचे. ती कधी आपसात हसताना दिसली, तर त्यांना काळीज नाही असे समजू नका. ज्याचे दुःख ताजे आहे, त्याच्यापासून ते हसू आडोशाला असावे, हेही खरे. म्हणून तुम्ही मोठे झालात, तुमच्या हाताखाली माणसे आली, की त्यांचे हसू बंद करू नका आणि हुकूम देऊन सुरूही करू नका. त्यांना बसायला जागा द्या. आणि ते वेळेवर करा. आमच्या अंगणात ते फार उशिरा झाले.

त्या खोलीतून पहिल्यांदा हसू ऐकू आले, तेव्हा साहेब योगायोगाने अंगणातून चालले होते. गोष्ट काय होती, दारामुळे मला कळले नाही. साहेब थबकले. त्यांचा हात दाराच्या कडीपर्यंत गेला. आपण आत गेलो की सगळे गप्प होतील, हे त्यांना माहीत होते. त्यांनी हात मागे घेतला, माझ्या बाजूला येऊन टेकून उभे राहिले आणि आतले हसू थांबेपर्यंत डोळे पुसत राहिले.